खिळ्यांसाठी जाळलेलं घर

मी हे लिहिणारच नव्हतो. दोनदा बसलो, दोनदा उठलो. मग डोक्यात आलं, हंफ्रीला वाचताच येत नाही. कागद त्याच्या हाती लागला तरी भीती नाही. म्हणून बसलो. असला मी.

हंफ्री व्हर्जिनियात माझ्या दोन वर्षं आधी आला. करार माझ्यासारखाच. जहाजाचं भाडं मालकानं भरायचं, त्याबदली चार वर्षं त्याच्या तंबाखूत राबायचं. कराराचा कागद मधोमध वाकडातिकडा कापतात. अर्धा मालकाकडे, अर्धा आपल्याकडे. मुदत संपली आणि दोन्ही जुळले की आपण मोकळे. मला कुदळ धरायला हंफ्रीनंच शिकवलं. त्याचा कागद मी त्याला इतक्यांदा वाचून दाखवला होता की त्याला तो पाठ होता.

गेल्या नोव्हेंबरात त्याची मुदत संपायला महिना उरला होता.

"नाताळपासनं मला हंफ्रीसाहेब म्हणायचं," तो म्हणाला.

"आधी बूड झाकेल अशी विजार घे, साहेब."

तंबाखूचा शेंडा आम्ही अंगठ्याच्या नखानं खुडतो. नख वाढवायचं आणि जाळावर धरून टणक करायचं. हंफ्रीनं त्या दिवशी आपलं नख दातांनी कुरतडून थुंकून टाकलं. "हे मालकाचं होतं. माझ्या रोपांसाठी मी नवीन वाढवीन."

जमिनीचा कस गेला होता. आमचा मालक क्रिचली, त्यानं नदीच्या वरच्या अंगाला नवी जमीन घेतली. जुनं घर सोडायचं म्हणजे जाळायचं. लाकूड रानात हवं तेवढं आहे, खिळे मात्र जहाजानं येतात. घर जाळायचं, राख गार झाली की खिळे वेचायचे, नव्या घराला ठोकायचे. इथं सगळे असंच करतात.

सामान घेऊन हंफ्री होडीनं पुढं गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "कागद होडीत भिजेल. चुलीपासनं तिसरी फळी. मागं मातीत खोचलाय. तू येताना आण."

"आणतो."

"विसरू नको रे."

"आणतो म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक तव्यात निखारे घेऊन आला.

"हंफ्रीचा कागद कुठंय?"

"मला काय माहीत, मालक."

"नसू दे माहीत." तो दाढी खाजवत उभा राहिला. "नव्या जमिनीवर झाडं तोडायला मला दोन माणसं लागणार. तुझी किती राहिली?"

"दोन वर्षं."

"एक सोडली. पुढच्या वर्षीच्या नाताळला जा." तवा माझ्या हातात दिला. "आतनं काही काढत बसू नको. उवा आहेत नुसत्या." आणि पाठ फिरवून डुकरं बघायला गेला.

माझ्यावर कुणाची नजर नव्हती. आत जाऊन कागद काढायला किती वेळ लागला असता? तोंड धुवायला लागतो तेवढा. मी आग तिसऱ्या फळीपासनंच लावली.

खिळे न्यायला हंफ्री परत आला. आम्ही राखेत उकिडवे बसून वेचत होतो. तो शीळ घालत होता.

"कागद दे."

"विसरलो."

त्याच्या हातात एक वाकडा खिळा होता. तो त्यानं दगडावर ठेवून सरळ केला. मग पुढचा घेतला. तो ठोकता ठोकता म्हणाला, "विसरायला तुला दुसरं काही मिळालं नाही होय लेका?" मग जरा हसला. "जाऊ दे. तू वाचलायस. तू सांग कोर्टात."

कोर्टात मालक म्हणाला, माझाही अर्धा त्याच आगीत गेला. मुदत सात वर्षांची होती, मला पक्कं आठवतंय.

"चार, साहेब," हंफ्री म्हणाला. "हा जॅस्पर. यानं वाचलाय कागद. विचारा."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे, वाचलास?"

दर रविवारी मालकाला आणि मालकिणीला बायबल मीच वाचून दाखवतो. मालक शेजारी उभा राहून स्वतःचे बूट बघत होता.

"मला वाचता येत नाही, साहेब," मी म्हणालो.

हंफ्रीला आणखी तीन वर्षं लागली.

परत येताना तो होडीत माझ्यासमोर बसून वल्हं मारत होता. अर्ध्या वाटेत म्हणाला, "घाबरलास ना?"

"हो."

"मी पण घाबरलो असतो. मालकानं तुझी पाठ सोलली असती." आणि आपल्यातला मक्याच्या भाकरीचा तुकडा त्यानं माझ्याकडे टाकला. मी खाल्ला. भूक लागली होती.

मालकानं शब्द पाळला. माझ्या कागदावर त्यानं स्वतः एक वर्ष खोडलं. हंफ्रीला मी ते सांगितलं नाही.

आता मे चालू आहे. आज दुपारी बायबल वाचून मी झोपडीत आलो, तर हंफ्री चुलीपाशी बसून अंगठा निखाऱ्यावर धरत होता. नख परत वाढलंय. जळक्या शिंगासारखा वास येत होता.

"ऑगस्टात कोर्ट परत बसणार," तो म्हणाला. "तू फक्त एवढंच म्हण. मला वाचता येतं, मी वाचलाय, चार वर्षं होती."

"मालक मारेल."

"मारेल. तुझ्याबरोबर मीही खाईन मार. पण दुसरं काय काढून घेणार आहे तुझं?"

त्यानं अंगठा काढला, फुंकर मारली, नख दातावर वाजवून बघितलं आणि परत निखाऱ्यावर धरला.

"बोलशील ना जॅस्पर?"

"बोलेन."

"बघ हां. मागं पण आणतो म्हणला होतास."

"ऑगस्टात मी उभा राहीन आणि सांगेन," मी म्हणालो. "शपथ तुझी."