पेटीबंद

सरहद्दीवरच्या जकात नाक्यावर अधिकारी बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या पातळ प्लास्टिकचा कोपरा नखाने उचलला, तेवढ्यात कोठीवाले जवळजवळ ओरडलेच.

“अहो, ते काढू नका!”

रांगेतली माणसं वळून बघू लागली. बाईंनी हात मागे घेतला आणि कॅमेरा पुन्हा त्याच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाचेत ठेवला.

“म्हणजे नवाच आहे. काका, मघापासून मी तेच म्हणतेय. पलीकडून घेतलाय, तर जकात भरा आणि मोकळे व्हा.”

“आमचाच आहे हो! मुलगी शाळेत होती तेव्हाचा. तेव्हा पलीकडूनच आणला आणि इथेच जकात भरली. पै न् पै!”

“पावती?”

“घरी. कपाटात.”

“कपाटातली पावती मी इथे बसून कशी बघू? जाताना नोंद करून घ्यायची होती.”

“जाताना तुमचा माणूस चहा पीत होता. नुसता हात हलवून ‘जा, जा’ म्हणाला!”

स्वतःच्याच वस्तूवर दुसऱ्यांदा कर भरायचा म्हणजे काय, डोकंबिकं फिरलंय का यांचं? कोठीवाल्यांनी खोकं स्वतःकडे ओढलं. आयुष्यभर त्यांनी कारखान्याची कोठी सांभाळली होती, म्हणून तर हे नाव पडलं. त्यांच्या सहीशिवाय तिथून साधा बोल्ट हलत नसे, आणि सही मिळवता मिळवता मागणारा मेटाकुटीला येई. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच कारभार घरी सुरू केला. सोफा चादरीखाली गेला, रिमोट पिशवीत गेला, पाहुण्यांसाठीचे कप पाहुणे येऊनही कपाटातच राहिले. कॅमेरा आणला त्या वर्षी सोबतच्या मंडळींनी जकात चुकवायला खोकी फेकून दिली आणि आपापले कॅमेरे जुने म्हणून गळ्यात अडकवले. ह्यांनी मात्र खोकं छातीशी धरून आणलं आणि सगळ्यांदेखत जकात भरली. मंडळी बसमध्ये घरापर्यंत हसत होती.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बायको इतका वेळ सामानाजवळ बाकावर बसली होती, ती उठून आली.

“भरून टाका ना. बस जाईल.”

“गेली तर गेली! एक पैसा देणार नाही.” ते पुन्हा बाईंकडे वळले. “मॉडेल तरी बघा. आता असला कुठे मिळतो का?”

“मिळतो की. पडून राहिलेला माल पलीकडे निम्म्या भावात काढतात, आणि रोज कोणी ना कोणी तो घेऊन माझ्यापुढे उभं राहतं. सगळ्यांचा जुनाच असतो.” बाईंनी कपाळ चोळलं. “बरं, एक काम करा. चालू करून आतला एखादा फोटो दाखवा. तारीख दिसली की सोडते तुम्हाला.”

“आधीच नाही का सांगायचं!”

कोठीवाल्यांनी रुमालाला बोटं पुसून कॅमेरा उचलला. बॅटरी भरलेली होती. ती ते दर महिन्याला न चुकता भरत. पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली : एकही फोटो नाही.

त्यांनी बटण पुन्हा दाबलं. मग दुसरं बटण दाबून बघितलं.

“कुठून येताय तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“मुलीकडून,” बायको म्हणाली. “नातू झालाय.”

“अहो, मग त्याचा तरी असेल!”

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. मुलीच्या घरी असताना तिने शब्दही काढला नव्हता, पण आता तिला आवरेना.

“नाही काढला, मॅडम. पहिल्या दिवशी म्हणे उजेड बरा नाही. मग ह्यांचे हात ओले होते. मग बाळ दूध ओकत होतं, कॅमेऱ्यावर उडेल म्हणे. निघताना पोरगी म्हणाली, बाबा, एक तरी काढा. तोवर खोकं बांधून झालं होतं. तिच्या लग्नातही असाच पेटीत होता. गर्दीत धक्का लागेल म्हणून. काही वापरलेला नाही हो त्यांनी.”

रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी पेन उचललं.

“जाऊ द्या, काका. मी ‘वापरलेला’ असं लिहिते. जा, बस पकडा.”

कोठीवाले जागचे हलले नाहीत. कॅमेरा त्यांच्या हातातच होता आणि पडद्यावरची अक्षरं अजून तशीच होती.

“नवा लिहा,” ते म्हणाले.

“काय?”

“नवा लिहा.”

“अहो, सुटताय तुम्ही! नवा लिहिला तर पूर्ण जकात बसेल.”

“बसू दे.”

“अहो, सोडतायत ना त्या,” बायको त्यांच्या बाहीला धरून म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“ऐकलं मी,” ते म्हणाले, आणि पैशांसाठी खिशात हात घातला.