उलट्या पावलांचा दोरवाला

फार जुनी गोष्ट. राजे मुलूख जिंकत होते आणि साधी माणसं पाण्यापायी झिजत होती, तेव्हाची. म्हणजे फारसं काही बदललेलं नाही म्हणा, पण ते जाऊ दे.

एका गावात एक दोरवाला होता. दोर वळायचा म्हणजे एकानं बसून चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाख, म्हणजे झाडाचे चिवट धागे, बांधून, पीळ भरत भरत, उलट्या पावलांनी मागे जायचं. हा बाबा आयुष्यभर उलटाच चालला. पाय पार थकून गेले होते. चाकावर बायको बसायची. तिचाही खांदा धरला होता, आणि आता पुरे झालं हे, असं ती रोज सांगायची.

मोठा दोर मात्र त्यानं कित्येक वर्षांत वळला नव्हता. नुसती शेळ्या बांधायची दावी. त्याला कारण होतं. एकदा घाईत त्यानं कुजका वाख आतल्या पेडात दडवला आणि वरून चांगला गुंडाळला. कोण बघतंय, म्हणाला. त्या दोरावरून गावातला विहीर खणणारा खाली उतरला. त्याला सगळे पाताळ्या म्हणत. दोर मध्येच तुटला आणि पाताळ्याचे दोन्ही पाय कायमचे अधू झाले. गावानं दोरवाल्याला मारलं नाही की हाकललं नाही. फक्त त्याच्या दोरावर जीव टांगणं सोडलं. माफी मागायची म्हणून तो कितीदा घरातून निघाला, आणि पाताळ्याच्या गल्लीच्या वळणावरून कितीदा परत आला.

मग एका उन्हाळ्यात विहिरीचा झरा गाळानं बुजला. उतरायला धड दोर नव्हता. परगावाहून आणू, कोणाला तरी पाठवू, असं लोक नुसतं चऱ्हाट वळत बसले, तेही तोंडानं.

एके सकाळी पाताळ्या हातांवर सरकत दोरवाल्याच्या अंगणात आला. वहिनी, उठा, असं दोरवाल्याच्या बायकोला म्हणून स्वतः चाकाशी बसला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर दोरवाल्याला बरं वाटलं असतं. पण पाताळ्या वाखाची प्रत्येक मूठ नाकाशी न्यायचा, आंबूस वास आला की बाजूला फेकायचा. दोरवाला दुसरी मूठ द्यायचा आणि पुन्हा मागे मागे चालायला लागायचा.

दोर तयार झाला. विहिरीवर गाव जमलं, पण तो कमरेला बांधायला कोणी पुढे येईना. जो तो खाली बघू लागला. शेवटी पाताळ्यानंच दोर ओढून घेतला.

"मी उतरतो," दोरवाला कसंबसं म्हणाला.

"तुला खणता येतं?"

"नाही."

"मग वर राहा आणि धर. खणायला मला हात पुरतात."

पाताळ्या दिसेनासा झाला. खालून कुदळीचे घाव ऐकू येत होते, आणि दोरवाल्याच्या कानात मात्र तो जुना, दोर तुटल्याचा आवाज घुमत होता. बऱ्याच वेळानं दोराला हिसका बसला. तो ओढू लागला, एकेक पाऊल मागे टाकत, हयातभर टाकलं तसंच. तळहात सोलले. मागून कोणाकोणाचे हात लागले ते त्यानं पाहिलंही नाही. त्याची नजर फक्त दोरावर होती.

चिखलानं माखलेला पाताळ्या काठावर आला. खाली पाणी बुडबुडत होतं, आणि लोक घागरी आणायला पळाले. दोरवाला त्याच्यासमोर मटकन बसला आणि ढसाढसा रडला.

"वाख कुजका होता. मला माहीत होतं तेव्हा."

"पडल्यावर मलाही कळलं होतं," पाताळ्या गाठ सोडत म्हणाला. "माफ केलंय असं समजू नकोस. पाय अजून ठणकतात." मग दोराची वेटोळी करत म्हणाला, "उद्या वाख लवकर भिजव. वहिनींना म्हणावं, खांदा शेकत बसा. चाकावर मी आहे."

दोरवाल्यानं डोळे पुसले, त्याला पाठीवर घेतलं आणि निघाला. गल्लीच्या वळणावर पाय आपोआप थबकले.

"थांबलास कशाला?" पाठीवरून पाताळ्या म्हणाला. "घर पुढे आहे. चल."