टोपीखालची दाढ

मी तुळशीराम सोनार, चिखलीचा. दुसऱ्याच्या कामाले चांगलं म्हनाची मले सवय नाही, हे साऱ्या गावाले माहीत आहे. पन त्या दाताच्या डाक्तराची गोष्ट निघाली का मी हात जोडतो.

लढाईच्या आधी तो नागपूरहून येऊन आमच्या पेठेत बसे. आमच्या गल्लीतल्या मनकर्णाबाईची दाढ अर्धी तुटली होती. त्यानं चांदीचा कीस अन् पारा खलात घोटला, तो गोळा दाढेत ठासून भरला अन् वरून सोन्याची टोपी कराले मले सांगतलं. माहं डोकंच फिरलं. पारा सोन्याले खाते, हे सोनाराच्या लेकरालेही समजते. मी त्याच्या तोंडावर म्हनलं, तुमचा हा चिखल सालभरात भुगा होईन अन् माही टोपी घेऊन पडन. तो नुसता हासला. चांदीत जिरलेला पारा मोकळा राह्यत नाही, एवढंच बोलला. मीही जिद्दीनं शंभर नंबरी सोन्याची टोपी करून देल्ली.

मंग लढाई लागली, डाक्तर फौजेत गेला. त्याची काही खबर आली नाही.

दहा-बारा सालानं मनकर्णाबाई दुकानात आली. टोपीले वरून भोक पडलं होतं, त्यात घास अडके. म्हातारीच्या तोंडात चावाले खाल-वरची एकच जोडी उरली होती, अन् तिच्यातली हे दाढ. हे गेली तर भाकर बंद, मंग मरेपर्यंत ज्वारीच्या पातळ कन्या अन् आंबील. बाई म्हने, सुना चांगल्या आहेत, पन मले पातळ खाऊन जगाचं नाही.

मले वाटलं, झालं, पाऱ्यानं खाल्लं माहं सोनं. आत सारा भुगा असन, टोपीसंगं दाढही हातात येईन. बाईले उजेडात बसवलं. कोरनीनं टोपीची कड अलगद चिरली अन् उचलली.

टोपी उलटी करून पाह्यली तर आतून पिवळीधमक. पाऱ्यानं तीळभर खाल्ली नव्हती. ते वरूनच झिजली होती, ज्वारीच्या भाकरीनं. मीच जिद्दीत शंभर नंबरी, नरम सोनं वापरलं होतं. अन् खाली तो गोळा, काळाभोर, एक तडा नाही. टोचा मारून पाह्यला, कुठंच रुतला नाही. त्याच्यावर डाक्तरानं दाढेच्या खाचा अन् उंचवटे सारे कोरले होते. टोपीखाली झाकून जानार, कोनी कधी पाहानार नाही, तरी कोरले होते. आम्ही सोनार दागिन्याची मांगची बाजू तशीच खरबरीत सोडतो. काय मानूस असन बाप्पा तो! माहे डोये भरून आले.

बाई घाबरली. "गेली काय दाढ?"

"नाही बाई. गेलं ते माहं काम. त्याचं जसंच्या तसं आहे."

तिचा भरोसा बसेना. तिनं माह्या बायकोजवळून भाकरीचा कडक पापुद्रा मागून घेतला अन् तिथंच बसून त्याच उघड्या दाढेनं चावला. मंग हासली.

नव्या टोपीच्या सोन्यात मी कडकपनासाठी तांबं घातलं. बाहेरून झिलई देल्ली, मंग उलटी करून आतून घासाले बसलो. बाई पाहत होती.

"काऊन घासून राह्यला बाप्पा? आतून कोन पाह्यते?"

"आत डाक्तर बसेल आहे," म्हनलं, अन् घासत राह्यलो.