प्रदक्षिणा नाही घालायची

बुद्धपौर्णिमेला विहारातलं चक्र मीच उजळवणार, असं पिंकीने भर बैठकीत सांगून टाकलं आणि तिचे पप्पा, बुद्धरत्न, यांनी तिथल्या तिथे पैज लावली.

"पेटलं तर पॉलिटेक्निक. नाही पेटलं तर सोमवारपासून भंवरकुआंला, बँकेच्या परीक्षेच्या कोचिंगला. मंजूर?"

"मंजूर!"

घोडामैदान जवळच होतं. प्लायवूडचं चक्र, चोवीस आरे, प्रत्येक आऱ्यावर पांढरे एलईडी. दिसायला काम देखणं झालं होतं. पौर्णिमेच्या दुपारी पोरीने बटण दाबलं आणि एकही दिवा न लागता मागून नुसता धूर निघाला.

"बेटा, रहने दे," डेकोरेटर गोपीनाथ शिडीवरून म्हणाला. पप्पांनी त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. "माझ्या दिव्यांच्या झालरी टांगून देतो ना. फटाफट होईल."

पिंकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण रडायला अख्खी रात्र पडली होती. तिने चक्र पालथं घातलं.

भिंतीतली वीज सारखी उलटसुलट धावते, आणि एलईडी एकाच बाजूने आलेला प्रवाह घेतो. म्हणून मध्ये चार डायोडांचा पूल. डायोड म्हणजे एकीकडेच उघडणारं दार. ही चार दारं पिंकीने एकामागे एक गोल लावली होती, विहाराभोवती प्रदक्षिणा घालावी तशी. महिनाभर चक्राचंच वेड, हातही गोलच फिरला! प्रवाह एका तारेतून आत येई, दोन दारं ओलांडून थेट दुसऱ्या तारेला मिळे, आणि दिवे बसत उपाशी. डायोड जळणार नाहीत तर काय?

"हात्तिच्या! पप्पा, प्रदक्षिणा नाही घालायची. चौघांनी प्लसकडे तोंड करायचं!"

"मला काय समजणार त्यातलं? लोक यायला लागले, देख."

खरंच, पांढऱ्या साड्या नेसून बायका येऊ लागल्या होत्या. पिंकीने मान वर केली नाही. जळके डायोड काढले, डबीतले नवे लावले. आता प्रवाह या तारेतून आला तर एक जोडी त्याला वाट देणार, त्या तारेतून आला तर दुसरी. येवो कुठूनही, दिव्यांतून जाणार एकाच दिशेने. तिने सगळे जोड पुन्हा तपासले.

"पप्पा, बटण तुम्ही दाबा."

"आणि परत धुआं निघाला तर?"

"तर कोचिंग. दाबा."

पप्पांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

चोवीसच्या चोवीस आरे उजळले. "वा भिया!" म्हणत गोपीनाथ शिडीवरून उतरला आणि झालरी गुंडाळू लागला. पिंकीने टाळ्या पिटल्या. पप्पा मात्र चक्राकडेच बघत राहिले.

"सोमवारी आधी भंवरकुआंला जाऊ," ते म्हणाले.

पिंकीचा चेहरा उतरला. "पण पैज..."

"परवाच तुझं नाव टाकून आलो तिथे," पप्पा खाली मान घालून म्हणाले. "ते काढू. मग पॉलिटेक्निक."