साध्या हाताची नोकरी

जॅमच्या कारखान्यात त्याला सगळे 'सरासरी' म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. वाटेल कशाला? त्या सरासरीचाच तर त्याला पगार मिळायचा.

काम एवढंच, की पट्ट्यावरून येणाऱ्या बरण्यांमधली अधूनमधून एक उचलायची आणि झाकण हातानं फिरवून बघायचं. फारच पटकन निघालं, तर ओरडायचं, "ढिलं!" निघालंच नाही, तर ओरडायचं, "घट्ट!" मग झाकणं बसवणाऱ्या मशीनवरचा माणूस स्क्रू इकडेतिकडे करायचा. या कामासाठी मालकीणबाईंनी एकदा सगळ्यांना बरण्या उघडायला लावल्या होत्या आणि हा हात निवडला होता. धड दणकट नाही, धड लेचापेचा नाही. "गिऱ्हाईकाचा हात असाच असतो," त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून अख्ख्या कारखान्यात बसायला खुर्ची आणि डोक्यावर पंखा असलेला कामगार हा एकटाच.

आता घोळ असा, की मशीनवरचा माणूस होता त्याचा मेव्हणा. सख्खा. बायकोचा धाकटा भाऊ.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मेव्हण्यानं पंजा लढवायला बोलावलं आणि बोलता बोलता याचा हात टेबलावर झोपवला. वर म्हणतो कसा, "भावोजी, सुरू करा की! का केलंत कधीच सुरू?"

पोरं खिदळली ते ठीक. बायकोही हसली, आणि तीही पदर तोंडाला न लावता. झालं! गड्याच्या डोक्यात सणक गेली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मुठीत पिळायची स्प्रिंग आणली. उठता-बसता पिळ, अंघोळीला जाता-येता पिळ. वर्तमानपत्राचं पान एका हातानं चुरगाळून त्याचा लिंबाएवढा गोळा करायचा, बायकोनं ते वाचलेलं असो वा नसो. काठीला दोरी, दोरीला वीट, आणि मनगटानं काठी फिरवून वीट वर गुंडाळायची. तीन बोटांवर दाराच्या चौकटीला लोंबकळायचा. सासूबाईंनी ते पाहिलं आणि लेकीला हळूच विचारलं, "जावईबापूंना घरात काही त्रास आहे का गं?"

मनगटं भरली. बाह्या तटतटल्या. आणि कारखान्यात एक नवलच घडायला लागलं. प्रत्येक झाकण याला ढिलं लागायला लागलं.

"ढिलं!" तो ओरडायचा. मेव्हणा स्क्रू आवळायचा.

"अजून ढिलं!"

"भावोजी, बरोबर बसवलंय हो!"

"तपासायला मी बसलोय का तू?"

मेव्हणा पुन्हा आवळायचा. आपला हात बदललाय, हे याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला वाटायचं, मेव्हणा कामचुकार झालाय. असं वाटण्यात जी मजा असते, ती जावयालाच कळते.

मग बाजारातून बरण्या परत यायला लागल्या. एका बाईनं झाकण दाराच्या फटीत धरून चेमटवलं होतं. एका आजोबांनी तर हातोडाच घातला होता. शेवटी मालकीणबाई स्वतः परत आलेली बरणी घेऊन पट्ट्यापाशी उभ्या राहिल्या. सगळे जमले.

"मशीन बिघडलंय की हात?" त्यांनी विचारलं.

"मशीन!" सरासरी म्हणाला.

"हात!" मेव्हणा म्हणाला. "बाई, हे सांगतात तसं मी आवळतो."

"मग आधी तू उघड."

मेव्हण्यानं बरणी घेतली. पोटाशी धरली, गुडघ्यांत धरली, सदऱ्याचं टोक गुंडाळून पाहिलं. तोंडाचा टोमॅटो झाला. झाकण ढिम्म.

बरणी सरासरीकडे आली. बोट लावताच त्याला कळलं, हे तर आपण एका झटक्यात काढू. म्हणजे बिघडलाय तो आपलाच हात. आता सगळंच डोक्यात लख्ख झालं. उघडली, तर खुर्ची गेली. नाही उघडली, तर सगळं खापर मशीनवर, म्हणजे मेव्हण्यावर. सोपं होतं. जरा कण्हायचं, जरा कुंथायचं, हात झटकायचा आणि बरणी परत द्यायची. त्यानं कण्हायला सुरुवातही केली. बरं जमत होतं.

तेवढ्यात मेव्हणा कानाशी वाकला.

"राहू द्या भावोजी. मनगट लचकेल. मग ताई मला बोलेल."

टक्क!

झाकण याच्या मुठीत आणि बरणी दुसऱ्या हातात. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या वाजल्या. टाळ्या संपेपर्यंत जगात त्याच्याइतका सुखी माणूस नव्हता.

"झालं कौतुक?" मालकीणबाई म्हणाल्या. "उद्यापासून तुम्ही गोदामात. पेट्या वाहा. हा हात आता गिऱ्हाईकाचा राहिला नाही." मग मेव्हण्याकडे वळल्या. "खुर्चीवर तू बस."

"मी? बाई, माझा हात काही साधासुधा नाही हं!"

"आत्ताच बघितला सगळ्यांनी."

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "पंख्याखालची नोकरी घालवलीत! मिळवलंत काय?"

"तुझ्या भावाचं तोंड बघायला हवं होतंस," तो म्हणाला, आणि पोटभर जेवला.

गोदामाकडे मागच्या बाजूनं सरळ वाट आहे. हमाल तिनंच जातात. हा मात्र खांद्यावर पेटी घेऊन मुद्दाम वळसा घालतो आणि खुर्चीसमोरून जातो. तिथं पोचल्यावर पेटी जराशी आपटतो, कारण पंख्याखाली मेव्हण्याचा डोळा लागलेला असतो, आणि तो बघत नसेल तर एवढ्या लांबून येण्याला काय अर्थ?