फोटोमागची ओळ

“लिंक. जानेवारी. लिंक. फेब्रुवारी. लिंक. मार्च,” फोनमधली बाई म्हणाली.

रत्नपाल गुरुजींनी काचेवरून अंगठा पुन्हा उजवीकडे सरकवला.

“लिंक. एप्रिल.”

“अगं बाई, मजकूर वाच की!” गुरुजी ओरडले.

कुंपणापलीकडून शेजारच्या भिकूनं मान वर काढली. “गुरुजी, कुनाशी भांडताय? या वयात घरात बाई आनलीत की काय?”

“आणली रे. पण ऐकत नाही.”

“मंग खरीच हाय,” असं म्हणत भिकू पुन्हा नारळ सोलायला बसला.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसलेली मैत्री हसली. गुरुजींची ही मुलगी रसायनशास्त्र शिकलेली. काही वर्षं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासून आता ती बोर्ली पंचतनला घरी बसून लोकांच्या ब्लॉगसाठी टेम्प्लेट, म्हणजे पानांचे तयार साचे, बनवत असे. दिवेआगरच्या होमस्टेवाल्यांना फिरणारे फोटो लागत. ती ते देई. पण आज तिनं दुसरं कुठलंच काम हाती घेतलं नव्हतं.

गुरुजींचा ब्लॉग जुना होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या माणसांवर लिहायला सुरुवात केली. मग काचबिंदूनं नजरेच्या कडा नेल्या आणि हळूहळू मधलंही नेलं. आता पडद्यावर बोट फिरेल तसं फोनमधला बाईचा आवाज त्यांना सगळं वाचून दाखवी. ब्लॉगवरचा शेवटचा लेख त्यांच्या बायकोवर, येसूबाईवर होता. दर वर्षी तिच्या पुण्यस्मरणाला बुद्धवंदना झाली की गुरुजी तो वाचत. गेल्या वर्षी विवेकनं, मैत्रीच्या भावानं वाचला. वाचता वाचता त्याचा आवाज बसला आणि त्यानं हॉस्पिटलचा भाग गाळून टाकला. रात्री जेवताना गुरुजी एवढंच म्हणाले, “मी लिहिलेलं मला गाळून नको.”

यंदाचं पुण्यस्मरण रविवारी होतं.

“मी वाचून दाखवते ना, सगळं,” मैत्री सकाळीच म्हणाली होती.

“तू वाचशील, पण माझ्याकडे बघत बघत वाचशील. त्यापेक्षा ही बाई बरी. तिला मी दिसत नाही.”

अडचण ब्लॉगच्या टेम्प्लेटची होती. पानावर उजवीकडे दिसणारा रकाना, त्यातले महिने, वर्षं, जुन्या लेखांची नावं, हे सगळं पानामागच्या मार्कअपमध्ये, म्हणजे पान रचणाऱ्या सूचनांमध्ये, मजकुराच्या आधी लिहिलेलं होतं. डोळा ते ओलांडून पुढे जाई. कानाला ते सगळं ऐकावंच लागे.

“टेम्प्लेट बदलते, बाबा. आता मुख्य मजकूर कुठला, बाजूचं काय, हे पानालाच सांगून ठेवायची पद्धत आहे. मग ही बाई थेट लेखावर जाईल.”

“पिवळा रंग घालवशील. मागचं पिंपळपानही.”

“राहील सगळं. रंगाशी तिला काही देणंघेणं नाही.”

“आणि वरून ‘भवतु सब्ब मंगलं’ सरकतं ते?”

“ते सरकणार नाही. अक्षरं सरकवणारी ती खूण, तो टॅग, कधीच मोडीत निघालाय. एका जागी ठेवते.”

“एका जागी बसलेलं मंगल चालेल,” गुरुजी म्हणाले.

दुपारपर्यंत नवं टेम्प्लेट चढलं. गुरुजींनी फोन कानाशी धरला. बाईनं लेखाचं नाव घेतलं आणि पुढे जे वाचत सुटली ती कुठं थांबेचना. येसूबाईचं माहेर, लग्न, भातलावणी, आजारपण, सगळं एका दमात.

“हे काय? मी मथळे दिलेत प्रत्येक भागाला.”

मैत्रीनं लेख उघडून आतून पाहिला. मथळे होते. गुरुजींनी ते ठळक, मोठे आणि लाल केले होते, बस. ते मथळे आहेत हे मात्र कुठंच सांगितलं नव्हतं.

“तुम्ही नुसती अक्षरं मोठी केलीत, बाबा.”

“फळ्यावर काय वेगळं करतात? मोठं लिहायचं, रंगीत खडू घ्यायचा. मुलांना बरोबर कळायचं.”

“मुलं बघत होती.”

“बरोबर आहे. लाव तुझे टॅग.”

तिनं एकेका मथळ्याला टॅग लावला. आता बोट वरून खाली ओढलं की बाई मथळ्यामागून मथळा सांगू लागली. गुरुजींना ते लगेच जमलं. ते हॉस्पिटलच्या भागावर गेले, परत फिरले, पुन्हा गेले. मग बाई अडली.

“चित्र. लेबल नाही.”

“हा आईचा फोटो,” मैत्री म्हणाली. “यामागे एक ओळ लिहावी लागते. बघणाऱ्याला ती दिसत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येते.” तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. “विहिरीच्या काठाला हिरव्या लुगड्यातली बाई. डोक्यावर पदर. हसते आहे.”

“बाई काय? नाव घाल.”

तिनं नाव घातलं.

“आणि हसत नव्हती ती.”

“हसतेय, बाबा. मी समोर बघतेय. डोळे बारीक झालेत, दात दिसतायत.”

“ऊन तोंडावर होतं तिच्या. मीच उभी केली होती तशी. ‘भात करपंल माजा, आटपा लवकर,’ असं म्हणत होती. ‘आटपा’चा आ आहे तो.”

मैत्रीनं फोटो मोठा केला. आईचे मोजकेच फोटो होते, आणि हसरा म्हणून हा एकच. तिनं तो आपल्या खोलीत फ्रेम करून लावला होता. आता तिला कपाळावरची आठी दिसली, कमरेवरचा हात दिसला. निरीक्षण चुकलं होतं आणि बरोबर सांगणाऱ्याला फोटो दिसतही नव्हता. तिनं ‘हसते आहे’ खोडलं. थोडा वेळ कर्सर तिथंच लुकलुकत राहिला.

“काय लिहू मग?”

“झालं तेच लिही.”

तिनं लिहिलं: येसूबाई, विहिरीच्या काठाला. तोंडावर ऊन. भात करपेल म्हणून घाई करते आहे.

गुरुजींनी ते एकदा ऐकलं. अंगठा डावीकडे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुढे सरकवला, आणि बाई हॉस्पिटलचा भाग वाचू लागली. तिचा आवाज सपाट, न बसणारा. मध्येच गुरुजींनी बोट उचललं, एक वाक्य मागे गेले, ते नीट ऐकून घेतलं आणि पुढे निघाले.

दिवेलागण झाली. मैत्री सवयीनं दिव्याच्या बटणापाशी गेली आणि तिथंच थांबली. अंधाऱ्या पडवीत, पाठ ताठ ठेवून, बाबा वाचत होते.