टाळीचं वाक्य

खंडेराव बोलायला उभे राहिले की समोरच्या माणसाचा पाय निघत नाही, हे नाशिकरोडच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त ठाऊक होतं ते खुद्द खंडेरावांना. उभी नोकरी त्यांनी विंचूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारण्यात घालवली होती. ट्रॅक्टरभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, मध्ये हे. कोणाची मान हलली, कोणाचा डोळा चमकला ते हेरायचं आणि आवाज असा चढवायचा की गप्प उभा असलेला माणूसही भान विसरून पुढची बोली बोलून जावा. निवृत्त होऊन मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले तरी गळ्यातला बाजार काही उठला नाही. कोथिंबिरीची जुडी घेतानाही वाटायचं, गडी सभा गाजवतोय.

त्यात संघाच्या अध्यक्षा उज्वलाताईंनी या महिन्याच्या सभेला जाहीर वादच ठेवला. विषय, नाशिकला मोनोरेल हवी की नको. 'हवी'च्या बाजूनं खंडेराव आणि 'नको'च्या बाजूनं त्यांचे रोजचे फिरायचे सोबती सलाउद्दीनभाई. सलाउद्दीनभाई मूळचे मालेगावचे, कापडाचे व्यापारी, आता धंदा पोराच्या हाती देऊन मोकळे झालेले. दोघं जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी मोनोरेलवरून असे भांडायचे की पळणारी पोरं कानातले इअरफोन काढून ऐकत राहायची.

"तुमची गाडी खांबावर अधांतरी बंद पडली, तर म्हाताऱ्या माणसानं उतरायचं कुठं, खंडेराव?" सलाउद्दीनभाई विचारायचे. यावर खंडेरावांना आजवर उत्तर सापडलं नव्हतं. ते नुसताच आवाज वाढवायचे.

सभेच्या दिवशी खंडेराव खुशीत होते, पण त्याचं कारण वाद नव्हे. सिंधुबाई, त्यांची बायको, सोबत यायला तयार झाली होती. दिवाळीपासून ती घराबाहेर पडलीच नव्हती. गुडघे धरलेत, असं सगळ्यांना सांगितलं होतं. गुडघ्यांना काहीएक झालं नव्हतं. खरं काय ते फक्त खंडेरावांना माहीत होतं.

मालेगावला सिंधुबाईंची थोरली बहीण राहते, धोंडाबाई. महिन्या-दोन महिन्यांनी बहिणीकडे जायचं आणि येताना संघातल्या बायकांसाठी तिथल्या माफक भावाच्या साड्या आणायच्या, हा सिंधुबाईंचा मोठा आनंद. दिवाळीत अशाच एका फेरीहून परतताना त्यांनी आडगाव नाक्याला उतरून नाशिकरोडची शहर बस धरली. द्वारका चौकाच्या अलीकडे ती बस जी अडकली ती अडकलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला वऱ्हाडाची गाडी. उतरावं तर भर रस्त्यात बाईमाणसानं जायचं कुठं? साठी उलटलेलं शरीर, ते थोडंच ऐकतंय? बसमध्येच सिंधुबाईंना लघवी झाली. पदर लपेटून, साड्यांची पिशवी पुढं धरून त्या घरी आल्या आणि थेट बाथरूममध्ये शिरल्या.

दिवेलागणीला त्यांनी नवऱ्याला सांगितलं. सांगताना भिंतीकडे तोंड होतं. "कुणाला सांगू नका बरं. सूनबाईला पण नाय."

"येडी हाय का तू? माझ्या तोंडून शब्द जायचा नाय," खंडेराव म्हणाले. आणि हे ते मनापासून म्हणाले होते बरं का! त्या दिवशी बायकोचा हात हातात घेऊन ते कितीतरी वेळ बसले होते.

त्यानंतर सिंधुबाईंनी बाहेरचं नाव टाकलं. मध्ये धोंडाबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. रोज फोन. सिंधू कधी येते, सिंधू कधी येते. सिंधुबाई फोन ठेवायच्या आणि डोळे पुसायच्या. खंडेरावांनी लाडीगोडी लावून, हातापाया पडून अखेर कबूल करून घेतलं होतं. आज सभेला यायचं, जवळच आहे, बाहेर पडायची भीती मोडेल. मग रविवारी दोघांनी मिळून मालेगाव. त्यांनी तर वाटेत कुठं कुठं थांबता येईल तेही विचारून ठेवलं होतं.

हॉल भरला. पुढे डाव्या हाताला बायका, त्यांच्यात सिंधुबाई, शेजारी कमळाबाई. "आल्या गं बाई एकदाच्या! आम्ही म्हटलं, साड्यांचं दुकान बंद पडलं की काय," कमळाबाई म्हणाल्या. सिंधुबाई हसल्या. खंडेरावांनी ते हसू स्टेजवरून पाहिलं आणि त्यांची छाती दोन बोटं पुढं आली.

पहिलं भाषण त्यांचं झालं. रस्ते रुंद होणार नाहीत, गाड्या कमी होणार नाहीत, मग वर जागा आहे ती वापरा. दुभाजकात खांब, खांबावर रूळ, खाली वाहतूक चालू आणि वरून तुम्ही भुर्रकन पंचवटीला. कुंभमेळ्याच्या गर्दीचंही त्यांनी वर्णन केलं. ठीक झालं.

मग सलाउद्दीनभाई उठले. हळू आवाज, हातात एकच कागद. "मोनोरेलमध्ये माणसं मावतात थोडी आणि पैसा जातो फार. ती जाणार एका रेषेत. आपण राहतो दहा दिशांना. स्टेशन दोन मजले उंच, सरकता जिना बंद पडला तर आपल्यातले किती जण वर जातील, हात वर करा." कोणाचाच हात वर झाला नाही. लोक हसले. "त्याच पैशात दर दहा मिनिटांनी बस द्या, बसायला थांबा द्या, बसपुरती वेगळी वाट द्या. मला हवेत नाही जायचं, घरी जायचंय." लोकांनी माना डोलावल्या. उज्वलाताईंनीसुद्धा.

खंडेरावांनी ती डोलावलेली मान पाहिली. बाजार हातातून निसटतोय हे त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? उत्तराला त्यांना पाच मिनिटं होती. माइक हातात घेतला तेव्हा काय बोलायचं ते खरंच ठरलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

"मंडळी, आकडे ठेवा बाजूला," ते म्हणाले. "एका बाईंची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. साठी उलटलेल्या, चांगल्या घरच्या. मालेगावला बहिणीला भेटून येत होत्या..."

मालेगाव म्हटल्याबरोबर बायकांच्या रांगेतली दोन-तीन डोकी वळली. खंडेरावांना वाटलं, बोली लागली.

"बस द्वारकेला तासभर उभी. पोटात लघवीचा तगादा. लाजेपायी बोलता येईना, गर्दीपायी उतरता येईना. शेवटी काय? व्हायचं ते झालं!"

मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. अन् तिथं घात झाला. एकजण हलला की भाव वर न्यायचा, हे त्या गळ्याला शिकवावं लागत नव्हतं.

"आणि झालं ते असं, की सीटखालून ओघळ निघाला तो थेट कंडक्टरच्या चपलेपर्यंत! कंडक्टर म्हणतो, अरे, बस गळायला लागली की काय!"

हॉल खदखदून हसला. खंडेराव थांबले. मुरलेला वक्ता थांबतो तसे, हसू पुरतं ओसरेपर्यंत. मग आवाज खाली आणला. "हसू नका. ही आपली आई आहे, आपली बहीण आहे. डोक्यावरून मोनोरेल गेली असती तर या माउलीवर ही वेळ आली असती का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खंडेरावांनी हात जोडले, मान झुकवली आणि मान वर करताना त्यांची नजर डाव्या हाताला गेली.

सिंधुबाई खाली बघत होत्या. हातातली पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. कमळाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. मागच्या दोघी एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या आणि पुढच्या एकीनं घाईघाईनं मान वळवून पंख्याकडे बघायला सुरुवात केली होती.

खंडेरावांनी माइक खाली ठेवला. अरे, काय बोललो मी हे? कोणासमोर? जीभ हासडून टाकावीशी वाटली. आता माफी मागावी तर त्या बाई कोण हे माइकवरून सांगितल्यासारखं होणार. न मागावी तर हे टाळ्यांचं पाप अंगावर घेऊन खुर्चीत बसायचं. ते बसले.

सलाउद्दीनभाईंना शेवटची दोन मिनिटं होती. खंडेरावांना त्यांचं उत्तर तोंडपाठ होतं. गाडी अधांतरी अडकली तर ती बाई उतरणार कुठं? या एका प्रश्नानं सगळी गोष्ट जागच्या जागी पडली असती. पडावी, असं खंडेरावांना मनातून वाटत होतं. कोणीतरी आपल्याला भर हॉलमध्ये खोटं पाडावं, तेवढंच बरं वाटेल.

सलाउद्दीनभाईंनी एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मला आणखी काही बोलायचं नाही."

हात वर करून मतं घेतली. मोनोरेल जिंकली. उज्वलाताईंनी खंडेरावांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटो काढणारा म्हणाला, "हसा की काका." खंडेरावांना हसावं लागलं.

खाली उतरल्यावर त्यांनी सलाउद्दीनभाईंचा हात धरला. "भाई, माझं चुकलं."

"मला काय सांगता?" सलाउद्दीनभाईंनी हात सोडवून घेतला. रागावून नव्हे, पण सोडवून घेतला. "भाभींना घरी न्या."

दोघं रिक्षात बसली. शाल काढून ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती खंडेरावांच्या मांडीवर होती. बिटको चौक मागं पडल्यावर सिंधुबाई बोलल्या. आवाजात ना रडू, ना राग.

"चपलेपर्यंत काय गेलं नव्हतं."

"बोलण्याच्या भरात गेलं गं तोंडातून..."

"भरात नाय. लोक हसले, मग तुम्ही ते जोडलं. मी बघत होते ना तुमच्याकडं." त्या बाहेर बघायला लागल्या. "झालं तेवढं सांगितलं असतं, तर एकवेळ मी गिळलं असतं. पण ते पुरलं नाय तुम्हाला."

खंडेरावांना वाटलं, रिक्षातून उडी टाकावी. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच. घर आल्यावर जिना चढता चढता कसंबसं विचारलं, "रविवारी जायचं ना पण?"

"तुम्ही जाऊन या," सिंधुबाई म्हणाल्या. "ताईला काय सांगायचं ते सांगा. तुम्हाला बोलता येतं."

त्यांनी दार लोटून घेतलं. नुसतं लोटलं होतं, कडी लावली नव्हती, तरी खंडेरावांना ते ढकलायची छाती झाली नाही.

रविवारी ते एकटे गेले. बसमध्ये बसल्यावर कारणं जुळवत राहिले. गुडघे, सर्दी, नातवाची परीक्षा. एकाहून एक सरस कारणं सुचत होती आणि प्रत्येक कारणासरशी त्यांना स्वतःची किळस येत होती.

धोंडाबाई खाटेवर पडूनच होत्या. दार वाजलं तशी त्यांनी मान उचलली, खंडेरावांच्या मागं कोणी येतंय का ते पाहिलं आणि हळूच मान परत उशीवर टाकली.

"सिंधू काबर नई उनी?"

गुडघ्यांचं कारण जिभेवर तयार होतं. खंडेरावांनी ते गिळलं. "माझ्यामुळं," ते म्हणाले. "माझ्यामुळं नाय आली, अक्का. मी लय वाईट वागलो तिच्याशी."

धोंडाबाई घाबरल्या. हाताच्या आधारानं उठायची धडपड करत त्यांनी विचारलं, "म्हणजे? काय केलं तुम्ही तिला?"

खंडेरावांनी तोंड उघडलं. काय केलं ते सांगायचं, तर आधी बसमध्ये काय झालं ते सांगावं लागणार होतं.

त्यांनी तोंड मिटलं. धोंडाबाई वाट बघत राहिल्या.